नुसते 'उपाशी या' म्हणून भागत नाही



जयपूरहून बांदीकुईकडे जाणाऱ्या लाइनवर गेटोर जगतपुरा मागे पडले की खातीपुरा लागते. एके काळचे हे साधे स्टेशन. जयपूर जंक्शनवरचा भार हलका करायचा म्हणून आता त्याचे टर्मिनल झाले आहे. याच भागातल्या एका गँगमध्ये आमचा एक ट्रॅकमन आहे, जळगाव जिल्ह्यातला. प्रशासनाच्या कागदावर तो ट्रॅक मेंटेनर, आमच्या तोंडी गँगमनच. भरतीची परीक्षा पास होऊन आमची किती तरी मराठी पोरे अशी राजस्थानात, गुजरातेत, उत्तरेत लाइनवर राबत आहेत. आम्ही स्वतः भुसावळचे, बदलीने इकडे आलेलो आणि इथेच मुरलेलो. म्हणून या मंडळींची दुखणी-खुपणी आधी आमच्या कानावर येतात.

गेल्या हिवाळ्यात या ट्रॅकमनच्या मानेत गाठी आल्या. तुकडा काढून तपासला तेव्हा लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर निघाला. रेल्वेच्या डॉक्टरांनी बाहेरच्या एका खासगी रुग्णालयाकडे रेफर केले. तिथे सांगितले की उपचार सुरू करण्याआधी पेट स्कॅन पाहिजे. रोग मानेतच आहे की छातीत, पोटात उतरला आहे, ते त्यावरून ठरणार आणि पुढची सगळी औषधे त्या हिशेबाने. तारीख मिळाली. आदल्या दिवशी फोन आला, "सकाळी आठला या, उपाशी या." एवढेच.

माणूस शिस्तीचा. रात्री नऊनंतर पाण्याशिवाय काही घेतले नाही. पण त्या रात्री त्याची थंडीची गस्त होती. ही गस्त काय असते ते रेल्वेतल्या वाचकांना सांगायला नको. टपालातल्या बांधवांसाठी सांगतो. कडाक्याच्या थंडीत रूळ आकसतो, जोडापाशी ताण येतो आणि रूळ तडकतो. म्हणून मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत, बॅटरी आणि फटाके घेऊन, दोन माणसे खडीवरून चालत राहतात. मैलोगणती. जयपूरची जानेवारीतली रात्र म्हणजे हाडे गोठवणारी. सकाळी सहाला गस्त संपली, तसाच तो मोटरसायकलवर वारा खात रुग्णालयात पोहोचला. रजा का घेतली नाहीस, असे आम्ही नंतर विचारले. "भाऊ, ड्यूटी सहाला सुटते, टेस्ट आठला. रजा कशाला घालवायची? पुढे केमोला लागंल ना." त्याचा हिशेब चुकीचा म्हणायला आमची जीभ धजावली नाही.

स्कॅन झाला. रिपोर्टात मान आणि खांदे दोन्हीकडे उजळलेले, मांड्या-पोटऱ्या उजळलेल्या. डॉक्टर म्हणाले, मानेतले नेमके गाठीचे किती आणि बाकीचे किती, ते खात्रीने सांगता येत नाही, पुन्हा करावा लागेल. पुन्हा मंजुरी, पुन्हा तारीख. अडीच आठवडे गेले. मानेत कॅन्सर घेऊन बसलेल्या माणसाचे अडीच आठवडे.

हे का झाले, ते समजून घ्यायला आम्ही त्या विभागातल्या तंत्रज्ञांना गाठले. आम्ही पडलो मॅट्रिक. आमच्या डोक्यात जे उतरले तेच इथे मांडतो.

एक्स-रेमध्ये किरण बाहेरून येतात, शरीरातून आरपार जातात आणि फिल्मवर हाडांची सावली पडते. न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये उलटे आहे. किंचित किरणोत्सारी औषध शिरेतून टोचतात. ते औषध रक्ताबरोबर ठरलेल्या अवयवात जाऊन बसते आणि तिथून किरण बाहेर पडतात. बाहेरचा कॅमेरा ते टिपतो. एक्स-रे अवयवाचा आकार दाखवतो, हा स्कॅन अवयव काम काय करतो आहे ते दाखवतो. इथेच सगळी मेख आहे. शरीर त्या वेळी ज्या कामात गुंतले असेल ते फोटोत येणार. म्हणून आदल्या दिवशी आपण काय खाल्ले, काय प्यालो, किती राबलो, हे सगळे त्या यंत्रापुढे उघडे पडते.

पेट स्कॅनमध्ये टोचतात ती साखरच, ग्लुकोजची भावंड म्हणा, तिला फ्लोरीन-१८ हे किरणोत्सारी मूलद्रव्य चिकटवलेले. कॅन्सरच्या पेशी साखरेच्या अधाशी, त्या ती भराभर ओढून घेतात आणि फोटोत उजळतात. पण साखर काही एकट्या कॅन्सरलाच लागत नाही. मेंदूला लागते, हृदयाला लागते, आणि राबलेल्या स्नायूला तर फारच लागते. रात्रभर खडीवर चाललेल्या पायांनी ती साखर ओढली. दुसरे म्हणजे, थंडीत अंग गरम ठेवायला शरीरात एक तपकिरी चरबी असते. मोठ्या माणसात ती मुख्यतः मानेच्या बाजूला आणि गळपट्टीच्या हाडांच्या वर. थंडी वाजली की ती चरबी भट्टीसारखी पेटते आणि साखर जाळते. म्हणजे ज्या मानेतल्या गाठी पाहायच्या होत्या, नेमकी तीच जागा रात्रीच्या गारठ्याने उजळून निघाली. माणूस उपाशी होता, पण तयार नव्हता. त्याला उपाशी राहायला सांगितले होते. राबू नकोस, गारठू नकोस, हे कोणी सांगितलेच नव्हते.

खरी तयारी अशी: चार ते सहा तास पोटात काही नाही, साधे पाणी मात्र भरपूर. आदला पूर्ण दिवस जड काम, पळापळ, व्यायाम नाही. गरम कपडे घालून यायचे. तिथे गेल्यावर रक्तातली साखर तपासतात; ती दोनशेच्या वर असेल तर बहुतेक ठिकाणी थांबवतात, कारण टोचलेल्या साखरेला आपलीच साखर आडवी येते. टोचल्यावर तासभर शांत पडून राहायचे. बोलायचेसुद्धा नाही, नाही तर जिभेचे आणि घशाचे स्नायू उजळतात. सुपारी, तंबाखू, च्युइंगगम चघळणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

मधुमेहवाल्यांची गोष्ट आणखी नाजूक. इन्शुलिन टोचून घेतले की साखर स्नायूंकडे वळते, म्हणून ते कधी घ्यायचे आणि सकाळची गोळी घ्यायची की नाही, हे डॉक्टरांनीच नावानिशी सांगितले पाहिजे. आता विचार करा. इन्शुलिनवरचा गँगमन, पॉइंट्समन किंवा लोको पायलट, पोट रिकामे, आणि रात्रभर ड्यूटीवर. साखर उतरून लाइनवर भोवळ आली तर? तो स्कॅनचा प्रश्न राहत नाही, गाडीच्या सुरक्षिततेचा होतो. सुरक्षा सप्ताहात मोठमोठे फलक लावणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

आता 'उपाशी या' हे चार अक्षरी फर्मान दुसऱ्या टोकाला कसे चुकते ते पाहा. आमच्याच घरात बोन स्कॅनची पाळी आली. हाडांचा स्कॅन. सौभाग्यवतींनी शेजारणीचे ऐकून आदल्या रात्रीपासून अन्नपाणी वर्ज्य केले. तिथे गेल्यावर कळले की बोन स्कॅनला उपास लागतच नाही. उलट टोचल्यापासून फोटो काढेपर्यंत दोन ते चार तास मिळतात, त्यात तांब्यावर तांबे पाणी प्यायचे, म्हणजे हाडात न बसलेले औषध लघवीवाटे निघून जाते. फोटोच्या आधी लघवीला जाऊन यायचे, नाही तर भरलेल्या मूत्राशयाची चकाकी कमरेची हाडे झाकून टाकते. किडनीच्या स्कॅनलाही पाणी पिऊनच जायचे. पित्ताशयाच्या स्कॅनला मात्र चार तास उपाशी, पण चोवीस तासांचा कडक उपास केला तर पित्ताशय तुडुंब भरून औषध आत शिरत नाही आणि रिपोर्ट खोटा येतो! एका खात्याच्या टेस्टा, पण प्रत्येकीचा रोस्टर वेगळा.

आणि चहा. यावर थोडे जास्तच लिहावे लागेल, कारण आपली जमात चहावर जगते. हृदयाच्या स्नायूला रक्त नीट मिळते की नाही हे पाहायला जी टेस्ट होते, लोक तिला थॅलियम म्हणतात, जरी आता बहुतेक ठिकाणी टेक्नेशियमचे औषध वापरतात. ज्याला ट्रेडमिलवर पळता येत नाही त्याला अ‍ॅडिनोसिनसारखे औषध देऊन हृदयाच्या रक्तवाहिन्या रुंद करतात. चहा-कॉफीतले कॅफिन हेच काम अडवते. वाहिन्या रुंद होतच नाहीत आणि आजारी हृदय फोटोत धडधाकट दिसू शकते. म्हणून चहा, कॉफी, कोला, चॉकलेट आदल्या दिवसापासून बंद. बारा तास तरी, पुष्कळ ठिकाणी चोवीस. डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही कॅफिन असते. दम्याची थिओफिलीनची गोळीसुद्धा आड येते, ती आणि रक्तदाबाच्या गोळ्या बंद करायच्या की चालू ठेवायच्या हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय ठरवू नये. आता केबिनमध्ये रात्रपाळी करणाऱ्या किंवा आर.एम.एस.मध्ये पिशव्या फोडणाऱ्या माणसाला "उपाशी या" सांगितले तर तो पहाटे चारला चहा घेणारच. आपल्याकडे चहाला कोणी खाणे समजत नाही. एकादशीलाही चालतो!

थायरॉइडच्या स्कॅनची तऱ्हा तिसरीच. ती ग्रंथी आयोडीनची भुकेली. महिना-दीड महिन्यात कोणी डाय टोचून सी.टी. स्कॅन काढला असेल तर त्या डायमधल्या आयोडीनने ग्रंथी तृप्त झालेली असते, स्कॅनचे औषध ती घेतच नाही. थायरॉइडची रोजची गोळीही किती दिवस आधी थांबवायची ते विचारावे लागते. म्हणजे कोणती टेस्ट आधी आणि कोणती मागून, हेसुद्धा रेफर करणाऱ्याने पाहिले पाहिजे. एका डॉक्टरने सी.टी. लिहायचा, दुसऱ्याने थायरॉइड स्कॅन, आणि कामगाराने दोन्हीकडे खेटे घालायचे, हे आम्ही एकदा नव्हे, तीनदा पाहिले आहे.

टेस्ट फुकट गेली तर बिघडते काय, पुन्हा करू, असे एक वेल्फेअर इन्स्पेक्टर आम्हाला म्हणाले. त्यांना आम्ही या औषधाचे वेळापत्रक समजावले. तेच इथे सांगतो, कारण वेळापत्रक ही गोष्ट रेल्वे आणि टपालवाल्यांइतकी कोणाला कळणार?

पेट स्कॅनचे फ्लोरीन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मे होते. सायक्लोट्रॉन नावाच्या यंत्रात ते त्याच दिवशी बनवतात. सकाळी सातला भरलेले औषध आठ पन्नासला निम्मे, दहा चाळीसला पाव. टपालाच्या पिशवीत ठेवलेली पत्रे वाटेतच निम्मी होत जावीत, तसे हे. ते फडताळात ठेवून उद्या वापरता येत नाही. एक रोगी परत गेला की त्याच्या नावाची मात्रा तिथल्या तिथे संपली.

बाकीच्या बहुतेक स्कॅनांना टेक्नेशियम-९९एम लागते. ते सहा तासांनी निम्मे होते. ते मिळवायची रीत गमतीची आहे. मॉलिब्डेनम-९९ हे त्याचे मूळ, ते ६६ तासांनी, म्हणजे पावणेतीन दिवसांनी निम्मे होते. शिशाच्या आवरणातला मॉलिब्डेनमचा डबा रुग्णालयात येतो आणि त्यातून रोज सकाळी टेक्नेशियम खारे पाणी घालून काढतात. तंत्रज्ञ लोक त्या डब्याला गाय म्हणतात आणि या कामाला धार काढणे. गाय आठवडाभर दूध देते, मग आटते. मॉलिब्डेनम बनते अणुभट्टीत, आणि जगात अशा भट्ट्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. कॅनडातली चॉक रिव्हरची भट्टी मे २००९ मध्ये बिघडून ऑगस्ट २०१० पर्यंत बंद राहिली, तेव्हा देशोदेशी स्कॅनच्या तारखा पुढे ढकलाव्या लागल्या. अशी वस्तू, तीही सरकारी पैशाने, आपण एका न छापलेल्या कागदापायी मोरीत ओततो.

आणि ही विद्या आपल्याला परकी नाही. मुंबईत परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे, टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या आवारात. देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन आणि पहिला पेट स्कॅनर २००२ साली तिथेच आला. १९८५ मध्ये सुरू झालेली तुर्भ्याची ध्रुव भट्टी आयसोटोप बनवते. परळच्या वर्कशॉपमधले आमचे किती तरी बांधव तिथून चालत जाण्याच्या अंतरावर राबले. लालबाग-परळच्या गिरणी कामगारांच्या शेजारी ही विद्या वाढली, मग तिचे सूचनापत्रक कामगाराच्या भाषेत का असू नये?

न्यूक्लिअर या शब्दाची भीती हाही एक अडथळा आहे. आमच्या ट्रॅकमनची बायको म्हणाली, बाँबचं औषध टोचणार का? तिला हसू नका. सांगायला माणूस नसेल तर माणूस असेच समजणार. साध्या बोन स्कॅनची किरणांची मात्रा साधारण ४ मिलिसिव्हर्ट भरते. निसर्गातूनच प्रत्येक माणसाला वर्षाला जगाच्या सरासरीने २.४ मिलिसिव्हर्ट मिळते. पेट स्कॅनबरोबर सी.टी. असल्याने मात्रा त्याहून जास्त. म्हणजे घाबरण्यासारखे नाही, पण चुकल्या तयारीपायी दोनदा घेण्यासारखेही नाही. पोटात मूल असेल किंवा असण्याची शंका असेल, अंगावर पाजत असेल, तर त्या भगिनीने टोचण्याआधी सांगितलेच पाहिजे. घरी आल्यावर त्या दिवशी भरपूर पाणी, वारंवार लघवी, आणि तान्ह्या मुलाला, गरोदर बाईला काही तास जवळ घेऊन बसायचे नाही. किती तास, ते विभागात विचारून घ्यावे.

त्या खोलीतले तंत्रज्ञही आपल्यासारखेच नोकर आहेत, हे विसरू नये. छातीवर टी.एल.डी.चा बिल्ला लावून ते रोज औषध भरतात. वर्षाला सरासरी २० मिलिसिव्हर्टची त्यांची मर्यादा. आपण पुन्हा गेलो की त्यांनाही पुन्हा टोचावे लागते. आमच्यावर ओरडणाऱ्या एका तंत्रज्ञाचा राग आम्हाला आधी आला होता. आता येत नाही.

आता मागणी. आम्हाला नवे रुग्णालय नको, नवे यंत्रही आज मागत नाही. रेफरची चिठ्ठी लिहिली जाते तेव्हाच तिच्या पाठीवर त्या टेस्टची तयारी छापलेली असावी, ज्याची त्याच्या भाषेत. जयपूर विभागात हिंदी पुरेल असे प्रशासन म्हणेल. आमचा अनुभव सांगतो की दुखण्यात माणसाला आपलीच भाषा लागते. ती चिठ्ठी सुपरवायझरला दाखवली की आदल्या दिवसाचे जड काम आणि आदल्या रात्रीची ड्यूटी निघाली पाहिजे. दोन्ही दिवस सिकमध्ये धरावेत, कामगाराच्या रजेच्या खात्यातून नव्हे. हे दयेचे काम नव्हे. गस्तीवरून आलेल्या माणसाचा स्कॅन फुकट गेला तर रेल्वेचेच दोनदा बिल होते, एका रात्रीच्या बदली माणसापेक्षा किती तरी जास्त.

टपालातल्या बांधवांचे दुखणे आमच्याहून मोठे आहे. पोस्टमन दिवसभर सायकल मारून आला आणि दुसऱ्या दिवशी पेट स्कॅनला गेला तर पायांची तीच गत. पण त्याला सी.जी.एच.एस. तरी आहे. ग्रामीण डाक सेवकाला तेही नाही. त्याने स्वतःच्या किंवा उसन्या पैशाने केलेला स्कॅन बिघडला तर दुसऱ्याचे पैसे कोण देणार? टपाल संघटनांनी हा मुद्दा उचलला तर आमची शाखा सोबत राहील.

आमच्याही पदरात चूक आहे, ती लपवत नाही. हा ट्रॅकमन स्कॅनच्या चार दिवस आधी युनियनच्या ऑफिसात येऊन गेला होता. आम्ही मंजुरीचा कागद पाहिला, शिक्का पाहिला, मेडिकलवाल्यांना फोन केला. त्या रात्री तुझी ड्यूटी काय, हे विचारायचे राहून गेले.

दुसऱ्या वेळी आम्ही स्वतः त्याच्या सीनियर सेक्शन इंजिनिअरकडे गेलो, दोन दिवस सोडवून घेतले. भला माणूस, हुज्जत घातली नाही. म्हणाला, मला कोणी सांगितलेच नव्हते. ट्रॅकमन दिवसभर घरात झोपून राहिला, सकाळी स्वेटर, मफलर घालून आमच्याबरोबर निघाला. टोचल्यावर त्याला घोंगडी दिली. तासभर गप्प पडून राहणे त्याला गस्तीपेक्षा अवघड गेले, असे तो म्हणाला. या वेळी मान स्वच्छ वाचता आली. आठवडाभरात केमो सुरू झाली.

पुढच्या पी.एन.एम.च्या विषयपत्रिकेत हा मुद्दा घातला आहे. ज्या शाखांत तयारी न सांगितल्यामुळे कोणाचा स्कॅन फुकट गेला असेल, त्यांनी रेफरच्या चिठ्ठीची आणि त्या आठवड्याच्या रोस्टरची नक्कल महिनाअखेरीपर्यंत पाठवावी. रोग्याचे नाव खोडून पाठवले तरी चालेल, तारखा मात्र स्पष्ट दिसू द्याव्यात.